परसांतील औषधें आणि त्यांचे साक्षीदार

वैद्यकाचा इतिहास लिहावयास बसणाराची दृष्टि प्रथम ग्रंथांकडे जाते, आणि तें स्वाभाविकच आहे. चरक-सुश्रुतांच्या संहिता, मध्ययुगांतील निघंटु, टीकाकारांचे वाद यांवर पानेंच्या पानें भरतां येतात. परंतु आपल्याकडील घरांत पिढ्यान् पिढ्या जें रोजचें औषध चाललें, खोकल्याला अडुळसा, पोटदुखीला ओवा, आंवेला कुडा, तान्ह्या मुलाला घुटी, त्याचा इतिहास ग्रंथांत फारसा सांपडत नाहीं. तो परसांत होता, आणि परसाला दप्तरखाना नसतो. तथापि या घरगुती वैद्यकासंबंधीं एक प्रश्न असा आहे कीं, त्याचा माग कागदोपत्रीं थोडाबहुत लावतां येतो. औषध गुणकारी आहे कीं नाहीं, हा तो प्रश्न नव्हे. हें झाड तेंच, असें कोणी सांगितलें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाहीं. आपले निघंटु म्हणजे नांवांचे कोश. एकेका वनस्पतीस दहा-वीस पर्यायनामें, मग रस, वीर्य, विपाक, आणि शेवटीं रोगांची यादी, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. गुळवेलीस गुडूची म्हणतात, अमृता म्हणतात, तोडली तरी पुन्हां फुटते म्हणून छिन्नरुहा म्हणतात. नांवें सुंदर आहेत; परंतु तीं सर्व मुखोद्गत असलेला पंडित रानांत एकटा गेला, तर तो गुळवेल घेऊनच परत येईल अशी खात्री कोणी द्यावी? चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत याची कबुली आहे. गुराखी, मेंढपाळ आणि वनांत राहणारे लोक यांना औषधी नांवानें व रूपानें ओळखतां येतात, असें तेथें सांगितलें असून, केवळ तेवढ्यानें त्यांचा उपयोग कळत नाहीं, असेंही बजावलें आहे. पुढील काळांतील विद्वानांनीं या वचनाचा उत्तरार्ध चांगला लक्षांत ठेविला. पूर्वार्ध बहुधा विसरले.

परसाची गोष्ट निराळी होती. कोंकणांतील किंवा देशावरील मध्यम स्थितीच्या घराचें जुनें परस डोळ्यांपुढें आणावें. मोरीच्या पाण्यावर अळूचा वाफा आणि त्याच्याच ओलाव्यावर वेखंड, पलीकडे गवती चहा, कुंपणाला अडुळसा, कारण त्याच्या पानांना गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, कडुनिंबावर चढलेली गुळवेल, भिंतीशीं कोरफड, पुढल्या अंगणांत तुळस. यांतलें पुष्कळसें कोणी मुद्दाम औषध म्हणून लावलेलेंही नसे. कुंपण हवें होतें म्हणून अडुळसा, सांडपाणी मुरावयास हवें होतें म्हणून अळू. पण याचा एक परिणाम असा होई कीं, त्या घरांत वाढलेल्या मुलीस अडुळसा म्हणजे काय हें वेगळें शिकवावें लागत नसे. तो तिनें पावसांत फुटतांना, थंडींत पांढऱ्या फुलांनीं भरतांना आणि उन्हाळ्यांत मरगळतांना पाहिलेला असे. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला ओळख म्हणतो ती याहून निराळी नाहीं; पान, फूल आणि फळ हीं तिन्ही पाहिल्यावांचून तोही नांव सांगावयास कचरतो.

बाजारांतून आणावयाच्या वस्तूंसंबंधानें मात्र ही सोय नव्हती. बाळघुटीच्या बटव्यांतील हिरडा सह्याद्रीवरचा, मायफळ पश्चिमेकडील देशांतून आलेलें, आणि अतिविष तर हिमालयांतलें. हें अतिविष आणि जहाल विष असलेला बचनाग हीं एकाच कुळांतलीं, किंबहुना सख्ख्या भावंडांसारखीं. दोन्ही मुळ्या वाळल्यावर अगदीं वेगळ्या ओळखूं येतील अशा नसतात. अतिविषाची मुळी मोडली असतां आंतून पांढरी शुभ्र निघते व चवीस निव्वळ कडू लागते. बचनागानें जिभेला मुंग्या येऊन ती बधिर होते. (हा प्रयोग कोणी करून पाहण्याजोगा नव्हे, हें सांगावयास नको.) सहाणेवर कोणत्या मुळीचे किती वेढे द्यावयाचे याचा हिशेब घरांतील वृद्ध स्त्रीजवळ असे, आणि मुळी हातांत घेऊन पारखण्याचें कामही तिचेंच. मूल तान्हें, मात्रा वेढ्यांनीं मोजलेली, आणि मध्यें चूक झाली तर ती परत घेतां येण्यासारखी नाहीं. एवढी जबाबदारी जिच्यावर होती तिचें नांव कोणत्याही पुस्तकांत नाहीं.

पुस्तकांत अशीं नांवें कधीं आलीं, आणि आल्यावर त्यांचें काय झालें, हें पाहण्यास आपणांस गोव्यास गेलें पाहिजे. तेथें १५६३ सालच्या एप्रिल महिन्यांत एक पोर्तुगीज पुस्तक छापून निघालें. हिंदुस्थानांतील औषधी व द्रव्यें यांविषयींचे संवाद, असा त्याच्या नांवाचा अर्थ. कर्ता गार्सिया द ओर्ता. हा वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला आणि मरेपर्यंत येथेंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें वैद्य म्हणून जाणें-येणें होतें. तेथील हकिमांशीं त्यानें चर्चा केल्या. पुढें मुंबईचें बेटही त्याच्याकडे पट्ट्यानें होतें, आणि तेथल्या आपल्या बागेंतील वर्षांतून दोनदां फळणाऱ्या आंब्याचा त्याला मोठा अभिमान होता.

पुस्तक संवादरूप आहे. स्पेनमधून नुकताच आलेला रुआनो नांवाचा विद्वान प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो. रुआनोची सारी भिस्त ग्रीक ग्रंथकारांवर; ओर्ता पुन्हां पुन्हां म्हणतो कीं, मीं हें डोळ्यांनीं पाहिलें आहे. स्पेनांत असतों तर गेलेनाच्या विरुद्ध ब्र काढण्याची छाती झाली नसती, असेंही तो मोकळेपणीं कबूल करतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत तीं या दोघां पंडितांच्या आसपास वावरणारीं माणसें. अंतोनिया नांवाची त्याची दासी मधूनमधून येते, आणि धनी मागेल ती पानें, फळें, मुळ्या आणून पुढें ठेवते. मालूपा नांवाचा हिंदु वैद्य येतो, आणि आपल्याकडे हें औषध कसें देतात तें सांगतो. ओर्तानें ‘डोळ्यांनीं पाहिलें’ म्हणून जें म्हटलें, त्यांतील पुष्कळसें प्रथम या दोघांच्या हातांतून त्याच्या डोळ्यांपुढें आलें, असें समजण्यास हरकत नाहीं. पुस्तकांत वनस्पतींचें एकही चित्र नाहीं. चित्राच्या जागीं माणूस आहे.

युरोपनें हें पुस्तक ज्या रूपांत वाचलें तें मात्र निराळें. क्लूसियस या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञानें चार वर्षांनीं, म्हणजे १५६७ सालीं, त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. गोव्याच्या पोर्तुगीज पुस्तकापेक्षां या लॅटिन पुस्तकाचा प्रसार कितीतरी पटींनीं झाला. क्लूसियसनें चित्रें घातलीं, टीपा जोडल्या, मजकुराची शिस्तशीर मांडणी केली. आणि त्या शिस्तीपायीं संवाद काढून टाकले. संवाद गेल्याबरोबर रुआनो गेला, त्याचें दुःख नाहीं, कारण तो काल्पनिकच होता. परंतु अंतोनियाही गेली आणि मालूपाही गेला. माहिती राहिली, ती कोणाच्या तोंडची, हें राहिलें नाहीं. क्लूसियसचा हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. शास्त्रीय ग्रंथ असाच लिहावयाचा असतो अशी त्या काळची समजूत होती, आणि ती अजूनही पुरती मावळलेली नाहीं.

ओर्ता १५६८ सालीं वारला. तो बाटवलेल्या यहुदी कुळांतला. गोव्यांत १५६० सालीं धर्मसमीक्षणसभा स्थापन झाली होती. तिनें ओर्ताच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षीं त्याच्या बहिणीस जिवंत जाळलें, आणि १५८० सालीं खुद्द त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळलीं. पोर्तुगीजांच्या या धर्मच्छळाचा जाच हिंदूंसही होताच, आणि सोळाव्या शतकांत कित्येक सारस्वत कुटुंबें गोवें सोडून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेकडे गेलीं. त्यांतलीं पुष्कळ कोचीस स्थायिक झालीं. भाषा, देव आणि निघंटूंच्या पोथ्या त्यांनीं बरोबर नेल्या. आपल्या कथेचा दुसरा भाग त्यामुळें मलबारांत घडतो.

सतराव्या शतकांत कोची डचांच्या ताब्यांत आलें, आणि १६७० पासून १६७७ पर्यंत हेंद्रिक व्हान ऱ्हेडे हा तेथील मुख्य अधिकारी होता. तो ना वैद्य, ना वनस्पतिशास्त्रज्ञ. पण मलबारच्या झाडांचें त्याला वेड लागलें. आपल्या शिपायांना लागणारीं औषधें युरोपांतून आणण्यापेक्षां येथल्याच रानांत मिळतील, हा व्यापारी हिशेबही त्यामागें होता. त्यानें रानांतून वनस्पती आणविण्यासाठीं शेंकडों माणसें कामास लावलीं, चित्रकार बसविले, दुभाषी नेमले. त्यांतून ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग, हा लॅटिन ग्रंथ तयार झाला. त्याचे बारा खंड आम्स्टरडॅम येथें १६७८ पासून १६९३ पर्यंत निघाले. सातशेंहून अधिक वनस्पती आणि तितकींच मोठमोठीं ताम्रपटचित्रें त्यांत आहेत.

या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या आरंभीं कांहीं दाखले छापले आहेत, आणि माझ्या मतें ग्रंथांतील सर्वांत मोलाचीं पानें हींच होत. एक दाखला इट्टी अच्युतन् या मल्याळी वैद्याचा. हा एळवा जातीचा, म्हणजे त्या काळच्या मलबारांत खालच्या मानलेल्या समाजांतला. पण वैद्यकी त्याच्या घरीं वंशपरंपरा चालत आलेली. आपल्या घराण्याच्या ग्रंथांतून आणि स्वतःच्या अनुभवांतून आपण ही माहिती सांगितली, असें तो आपल्या लिपींत व आपल्या सहीनें लिहून देतो. दुसरा दाखला तीन ब्राह्मण वैद्यांचा आहे: रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. हे कोचींतील कोंकणी समाजाचे. त्यांचा दाखला कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे, आणि निघंटूवरून नांवें पडताळून पाहण्याचें काम आपण केलें असें त्यांनीं त्यांत नमूद केलें आहे. या दाखल्यांची मिति एप्रिल १६७५ ची. रायगडावरील राज्याभिषेकास तेव्हां एक वर्षही पुरतें झालें नव्हतें, आणि इकडे आपली नागरी अक्षरें ताम्रपटावर चढून आम्स्टरडॅमच्या छापखान्यांत जाण्याच्या वाटेवर होतीं!

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. चरकानें ज्यांची फारकत केली होती तीं दोन ज्ञानें, झाड ओळखणाराचें आणि गुण जाणणाराचें, या दाखल्यांत शेजारींशेजारीं आलीं आहेत. पोथी पाहणारे ब्राह्मण आणि परंपरेनें झाडपाला जाणणारा एळवा वैद्य यांची साक्ष एकाच ग्रंथांत, एकाच पंक्तीला. मलबारच्या कोणत्याही गांवांत त्या काळीं ही पंक्ति बसणें अशक्य होतें. ती बसविण्यास परका मनुष्य लागला, ही गोष्ट आपणांस भूषणावह नाहीं. पण दाखले मागून घेऊन छापण्याची बुद्धि त्याला झाली, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. ऱ्हेडे १६९१ सालीं सुरतेस जात असतां जहाजावरच वारला. सुरतेंत त्याची भव्य कबर आहे. मूळ लॅटिन ग्रंथाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनीं पुष्कळ वर्षें खपून तयार केलें व तें २००३ सालीं बाहेर आलें. म्हणजे सव्वातीनशें वर्षें हें पुस्तक ज्यांच्या साक्षीवर उभें होतें, त्यांच्या वंशजांना तें सरळ वाचतां येत नव्हतें.

साक्ष असून तिच्याकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण या ग्रंथांतल्याच एका झाडानें पुरविलें आहे. तें झाड म्हणजे कुडा. हॉर्टसच्या पहिल्या खंडांत त्याचें मल्याळी नांवानें वर्णन व चित्र आहे. कोंकणांत दोन कुडे मानतात. पांढऱ्या कुड्याची साल कडू. तीच आंवेवर देतात, आणि तिचें बीं म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचें बीं गोडसर, आणि त्याच्या जोडशेंगांचीं टोकें कोवळेपणीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. सालींत मात्र दुकानांतल्या गिऱ्हाइकाला फरक दिसणें कठीण. अठराव्या शतकांत ही साल कोनेसी या नांवानें युरोपांत गेली आणि आंवेवरील औषध म्हणून वाखाणली गेली. परंतु लिनियसनें १७५३ सालीं वनस्पतींस नांवें देतांना मलबारचा कुडा आणि सिंहलद्वीपांतील एक निराळेंच झुडूप यांचा एकच गोळा केला, आणि अतिसारनाशक अशा अर्थाचें नांव देऊन टाकलें. व्यापाऱ्यांनींही कडू सालीबरोबर काळ्या कुड्याची साल खपविण्यास कमी केलें नाहीं. औषध कधीं लागू पडे, कधीं पडत नसे. आणि जें औषध भरंवशाचें नाहीं त्याचें जें व्हावयाचें तेंच झालें. कोनेसीची पत गेली. पुढें १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन यानें दोन्ही कुळें वेगळीं केलीं, तोंपर्यंत फार उशीर झाला होता. गंमत अशी कीं, नियमाप्रमाणें तें अतिसारनाशक नांव आजही त्या सिंहली झुडपाकडेच राहिलें आहे. पांढऱ्या फुलांचें शोभेचें झाड म्हणून तें कुंड्यांतून लावतात.

कोंकणांतल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईनें साल चाखून जो निकाल दिला असता, त्यासाठीं युरोपला अर्धें शतक लागलें. पण एवढ्यावरून आपल्याकडे सर्व ठीक होतें असें समजूं नये. ब्राह्मी कोणती, यावर आपल्याच प्रांताप्रांतांत एकवाक्यता नाहीं. बंगाल्यांतील ब्राह्मी निराळी, आपल्याकडे बहुतेक घरांत म्हणतात ती निराळी. शंखपुष्पीचे तर तीन-चार वारसदार आहेत, आणि केरळांत तें नांव आपल्या गोकर्णीला देतात. प्रत्येक परसाची साक्ष त्या परसापुरती खरी असे. माल एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जाऊं लागला, तेव्हां ती अपुरी पडूं लागली.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग मुंबई इलाख्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाला. मुंबईस सरकारी औषधभांडाराचा अधिकारी असलेला डॉ. विल्यम डिमॉक बाजारांतील मुळ्या-सालींचीं देशी नांवें टिपून घेत असे. त्याचा व त्याच्या दोन सहकाऱ्यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळांत निघाला. त्या सहकाऱ्यांपैकीं डेव्हिड हूपर यानें १८८८ सालीं अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसीन हें द्रव्य वेगळें काढलें. आज डॉक्टर खोकल्यावर देतात त्या ब्रोमहेक्सीनचा जन्म याच द्रव्याच्या अभ्यासांतून झाला. मराठींत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ सालचा ‘औषधीसंग्रह’ हे ग्रंथ घरोघरीं गेले. त्यांची योग्यता मोठी आहे. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. डिमॉकपासून पुढच्या या सर्व पुस्तकांत वनस्पतींचीं नांवें पांच-पांच भाषांत मिळतात. तीं नांवें सांगणाऱ्या काष्ठौषधीवाल्यांचीं, ठाकर-कातकऱ्यांचीं, घरांतल्या बायकांचीं नांवें मिळत नाहींत. इट्टी अच्युतनाला जो मान १६७५ सालीं मिळाला, तो पुन्हां कोणास मिळाला नाहीं.

हा सारा जुना इतिहास आहे असें कोणी म्हणेल, म्हणून अलीकडची एक हकीकत सांगतों. २०२० सालीं कोव्हिडच्या साथीच्या वेळीं गुळवेलीचा काढा, गोळ्या आणि रस घेण्याची लाट उठली. मुंबईच्या डॉक्टरांनीं त्या वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत यकृतास इजा झालेले सहा रोगी पाहिले, सर्वजण गुळवेल घेणारे. आणि २०२१ सालीं तें प्रसिद्ध केलें. पुढें १३ केंद्रांतील ४३ रोग्यांची पाहणी २०२२ सालीं छापून आली. ज्यांच्या शरीराचा कल स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याकडे असतो त्यांना हें औषध बाधूं शकतें, असें या डॉक्टरांचें म्हणणें. केंद्राच्या आयुष मंत्रालयानें तें मान्य केलें नाहीं. गुळवेल निर्धोक आहे, लोकांनीं तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली असावी, असें त्याचें उत्तर होतें. खऱ्या गुळवेलीचें खोड कसें असतें आणि दुसरीच्या खोडावर बारीक उंचवटे कसे असतात, याचें वर्णनही त्यानें प्रसिद्ध केलें.

या वादांत कोणाचा पक्ष घेण्याचें माझें काम नाहीं. डॉक्टरांनीं पुरावा पुढें ठेविला आहे आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं, एवढें म्हणतां येईल. खरी गुळवेलही ज्याला बाधेल त्याला बाधेल, आणि झाड बरोबर ओळखलें म्हणजे मात्रा बरोबर झाली असें होत नाहीं; चरकानें तेंच बजावलें होतें. परंतु साडेचारशें वर्षांनंतर दोन जाणते पक्ष पुन्हां त्याच प्रश्नापाशीं येऊन थांबले, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. खोडावर उंचवटे आहेत कीं नाहींत, हें पाहण्यास खोड हवें. ज्याच्या हातांत पुडी किंवा बाटली आहे त्यानें काय पाहावें? दुकानदारास विचारावें, तर त्यानेंही तें दुसऱ्याकडून घेतलेलें असतें.

छिन्नरुहा हें नांव मात्र खरें ठरतें. गुळवेलीचें वीतभर कांडें तोडून कुंडींत खोंचलें, तरी तें पावसाळ्यांत फुटतें. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांत आतां अशा कुंड्या दिसतात, आणि हें कांडें कोठून आणलें असें विचारलें, तर एखादी गृहिणी गांवाकडच्या कोणा काकूचें किंवा मावशीचें नांव सांगते, आणि ती वेल कोणत्या झाडावर चढलेली होती तेंही सांगते.